एसएमपीएसचा पंखा खाली की वर? आठ महिन्यांच्या वापरानंतर

एसएमपीएसबद्दल (संगणकाला वीज पुरवणारा, या कॅबिनेटमध्ये तळाशी बसणारा डबा) तक्रार नाही. ६५० वॅट, गोल्ड (वीज कमी वाया घालवणारा दर्जा), १२० मिमीचा पंखा, आवाज जवळपास नाहीच. तक्रार आहे ती तो बसवण्याबद्दल आणि कॅबिनेटच्या तळाला लावलेल्या एका दीडदमडीच्या जाळीबद्दल.

जोडणी करून देणाऱ्याने पंख्याचं तोंड वर ठेवलं होतं. कारण काय, तर "गरम हवा वर जाते ना!" घोळ इथेच आहे. हा पंखा हवा बाहेर टाकत नाही, आत ओढतो. पंख्याकडून हवा आत शिरते, हीटसिंकवरून (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरून) फिरते आणि पॉवर केबल जिथे लागते त्या मागच्या जाळीतून बाहेर पडते. तोंड वर असो की खाली, हा क्रम बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की हवा कुठली ओढली जाणार: तळाखालची, खोलीतली थंड हवा, की ग्राफिक्स कार्डाने तापवलेली कॅबिनेटमधली. १९९५ च्या मूळ एटीएक्स आराखड्यात (संगणकाच्या भागांची मापं आणि मांडणी ठरवणारं मानक) एसएमपीएसचा पंखा हवा आत प्रोसेसरकडे फुंकायचा. ती पद्धत मागे पडली, पण लोकांच्या डोक्यातला गोंधळ बहुधा तिथूनच आला असावा.

खात्री करायची तर मागच्या जाळीपाशी टिश्यू पेपरची पट्टी धरा, ती बाहेर फडफडली पाहिजे. मात्र झीरो आरपीएमचा एसएमपीएस असेल तर कमी लोडवर पंखा फिरतच नाही. पट्टी हलली नाही म्हणून लगेच वॉरंटीला धावू नका. एखादा जड गेम पंधरा मिनिटं चालवा, मग बघा.

तोंड खाली करणं दहा मिनिटांचं काम. भिंतीवरचं बटण बंद करा, केबल काढा, कॅबिनेटचं पॉवर बटण पाच सेकंद दाबा. मागचे चार स्क्रू काढताना आतून हाताचा आधार द्या, एसएमपीएस वरच्या बाजूला असणाऱ्या कॅबिनेटमध्ये तर तो थेट ग्राफिक्स कार्डावर आदळतो. चारही भोकं सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे कॅबिनेटला दोन्ही बाजूंची भोकं असतील तरच तो उलटा बसतो. नसतील तर ड्रिल मारू नका, लोखंडाचा कीस मदरबोर्डवर पडतो. उलटल्यावर मागचं बटणही उलटं होतं: रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद, सवयीने दाबू नका. आणि एसएमपीएस उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये केबल काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या वर दाब राहू शकतो.

सुरुवातीचं मत होतं, तोंड खालीच, विषय संपला. आता थोडं बदललंय. कॅबिनेट गालिच्यावर किंवा सतरंजीवर असेल, तळाला जाळी नसेल, किंवा पाय एक सेंटिमीटरपेक्षा बुटके असतील, तर तोंड वरच बरं. गुदमरलेल्या पंख्यापेक्षा कोमट हवा परवडली. आणि भीतीही फार बाळगू नका: ३०० वॅट लोडवर ९० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस स्वतः जेमतेम ३३ वॅट उष्णता सोडतो. फरशी असेल तर मात्र खालीच. पाय बुटके वाटले तर कॅरमच्या दोन-दोन सोंगट्या एकावर एक चिकटवा. साधारण दीड सेंटिमीटर उंची मिळते, खर्च शून्य.

आता तळाची ती जाळी. तोंड खाली म्हणजे फरशीवरची सगळी धूळ, केस आणि गादीचा कापूस तिथे जमणार. महिन्याभरात इस्त्री केल्यासारखा करडा थर बसतो, हवा अडते, पंखा जोरात फिरायला लागतो आणि लोक म्हणतात एसएमपीएस खराब निघाला. जाळी नळाखाली धरायची, पूर्ण वाळवायची, परत सरकवायची. दोन मिनिटांचं काम. पण या कॅबिनेटमध्ये ती मागून निघते! म्हणजे केबली काढा, आठ-दहा किलोचं धूड टेबलाखालून ओढा, भिंतीपासून हातभर पुढे आणा. कोण करणार दर महिन्याला? पुढून निघणारी जाळी द्यायला कंपनीचे किती पैसे वाचले असतील? जाळी काढूनच टाकायचा मोह होतो, पण मग झुरळांना मोकळं रान मिळतं आणि पाल आत शिरून शॉर्ट झाली की एसएमपीएस गेलाच.

एसएमपीएसला साडेचार तारे. कॅबिनेटला अडीच, जाळी पुढून निघाली असती तर चार दिले असते.