एनआरई की एनआरओ, सोलापूर सोडताना कोणतं खातं ठेवावं?
दुबईला निघालो तेव्हा सात रस्त्याजवळच्या बँकेतलं साधं सेव्हिंग तसंच चालू ठेवणार होतो, पण एनआरआय झालं की ते चालत नाय, त्याचं एनआरओ (एनआरआयचं इथल्या कमाईसाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. आता फरक बघा, जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचं भाडं येतं एनआरओत, त्यातल्या व्याजावर टीडीएस (बँक आधीच कापून घेते तो टॅक्स) ३० टक्के, वर सेस वेगळा, आणि पैसे बाहेर न्यायला वर्षाला १० लाख डॉलरची लिमिट (तेवढे आहेत कुठं आपल्याकडं!). एनआरई म्हणजे परदेशातल्या कमाईचं खातं, त्यात तिकडचा पगार टाकायचा, व्याजावर इथं टॅक्स नाय, पाहिजे तेव्हा परत नेता येतो. मी पगार एनआरईतच टाकतो, पण भाड्यापायी एनआरओ बंद केलं नाय. इथलं क्रेडिट कार्ड ठेवणार असाल आणि त्याला इथलाच नंबर जोडलेला असेल तर तो रिचार्ज करत राहा, ओटीपी त्यावर येतो.