विहिरीतला "दक्षिणावर्ती शंख" आणि एक लाख बारा हजार रुपये, विदर्भातल्या शेतकऱ्यांनी नक्की वाचा

यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूरकडच्या ज्यांच्या वावरात, विहिरीत नाहीतर नाल्याच्या काठाला दगड झालेल्या गोगलगाई सापडतात त्यांनी हे पूर्ण वाचा, आणि घरातल्या मोठ्या माणसांना पण वाचून दाखवा. आमच्या काकाजींना अशाच एका गोगलगाईवरून एक लाख बारा हजाराला फसवलं. पैसे पीककर्जातले होते. काकाजी बीए झालेले आहेत, सोसायटीचा हिशोब पाहतात, म्हणजे अडाणी माणूसच फसतो असं कोणी समजू नका.

मागच्या उन्हाळ्यात विहिरीचं खोलीकरण केलं तेव्हा वरचा काळा पाषाण फुटून खाली राखाडी पांढुरका थर लागला आणि त्या थरात ह्या गोगलगाई, काही सुपारीएवढ्या, काही चांगल्या मोठ्या. आमच्या भागात हे नवीन नाही, धुऱ्यावर पडलेल्या दगडात पण दिसतात. काकाजींनी त्यातल्या चांगल्या निवडून धुऊन देवघरात ठेवल्या आणि चुलतभावानं फोटो स्टेटसला टाकला, तो कुठून कुठं फिरला माहीत नाही पण थोड्याच दिवसात ओळखीच्या माणसाला घेऊन एक जण घरी आला. स्वच्छ कपडे, गळ्यात आयकार्ड, हातात भिंग आणि निळा लाईट. स्वतःला रिसर्चवाला म्हणवत होता, बोलणं एकदम गोड, काकाजींच्या पाया पडला.

त्यानं गोगलगाय हातात घेऊन शेंडा खाली केला, तोंड वर केलं आणि म्हणाला, "हे पाहा काकाजी, तोंड उजवीकडं उघडते. हा समुद्रातला दक्षिणावर्ती शंख हाये, तोही दगड झालेला, कोट्यवधी वर्षांचा. बाहेर देशात याचे पंचवीस-तीस लाख देतात." मग निळा लाईट मारला, दगड थोडा चमकला, म्हणे चमकला म्हणजे ओरिजिनल. आणि इथं समुद्र कुठला असं विचारल्यावर त्यानं मोबाईलवर बातमी काढून दाखवली की मध्य भारतात समुद्र होता.

ती बातमी खोटी नव्हती, म्हणून तर माणूस गडबडतो. छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली इथं दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात समुद्री फोरॅमिनिफेरा सापडल्याचा पेपर गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये छापला आहे. पण ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे बारीक जीव आहेत, त्यावरून आमच्या विहिरीतली गोगलगाय समुद्राची होत नाही. अर्धं खरं सांगून त्यावर पूर्ण खोटं रचायचं ही ह्या लोकांची पद्धत आहे.

मग सुरू झालं. आधी टेस्टिंग फी साडेचार हजार. रिपोर्ट आला, रंगीत, गोल शिक्का वगैरे. मग म्हणे ही नवीन प्रजाती आहे, नोंदणी करावी लागेल आणि तुमच्या वडिलांचं नाव देता येईल, त्याचे बावीस हजार. आजोबांचं नाव निघाल्यावर काकाजींचे डोळे भरून आले, मी समोर होतो, आणि मला राग याचाच जास्त आहे, पैशापेक्षा. मग परदेशात पाठवायची एनओसी छत्तीस हजार. मग सौदा पक्का झाला पण रक्कम यायच्या आधी टॅक्स भरा, साडेएकोणपन्नास हजार. सगळे पैसे यूपीआयनं, दरवेळी वेगळ्या नावाच्या खात्यावर. चांगले नमुने "तपासणीसाठी" आधीच घेऊन गेला होता. टॅक्स भरला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

उरलेला एक दगड आणि तो रिपोर्ट घेऊन मी नागपूरला भूगर्भशास्त्राच्या एका मॅडमकडं गेलो. त्यांनी आधी गोगलगाय सरळ केली, म्हणजे शेंडा वर आणि तोंड आपल्या बाजूला. शास्त्रात अशीच धरतात. तशी धरली की तोंड डाव्या हाताला आलं. जगातल्या बहुतेक गोगलगाईंचं तोंड असं धरल्यावर उजवीकडं येतं, पण फायसा नावाच्या गोगलगायीचं सगळ्या कुळाचंच डावीकडं असतं. आणि डाव्या वळणाची कुठलीही गोगलगाय उलटी धरली की तोंड उजवीकडं दिसतं, शंख पूजेत चोच वर करून पाहतात तसं. म्हणजे त्या माणसानं खोटं काही दाखवलंच नाही, फक्त जे इथल्या प्रत्येक फायसाला असतंच ते लाखात एक म्हणून सांगितलं.

आमची गोगलगाय निघाली फायसा प्रिन्सेपी, हल्ली तिला प्लॅटीफायसा पण म्हणतात. गोड्या पाण्याची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थांबून थांबून वाहायचा, मधल्या शांत काळात डबकी तळी साचायची, त्यात ह्या गोगलगाई राहायच्या, मग वरून पुन्हा लाव्हा यायचा आणि तो गाळ दोन थरात दाबला जायचा. विहीर खोदताना पाषाणाखाली मऊ थर लागतो तो कित्येकदा हाच असतो. हे नाव सॉवर्बी ह्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1840 मध्येच देऊन ठेवलेलं आहे. नागपुरात ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सोबती रॉबर्ट हंटर यांनी टाकळी, सीताबर्डीकडचे असे जीवाश्म गोळा केले, त्यावरचा त्यांचा लेख 1855 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. म्हणजे आमच्याच मातीतली ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांपासून पुस्तकात आहे आणि शेतकऱ्याला कोणी सांगितली नाही, म्हणून असे लोक येऊन काहीही सांगून जातात.

समुद्राचा शंख आणि फायसा ओळखणं मॅडमनी मला बसवून शिकवलं ते जमेल तसं सांगतो. पूजेचा शंख, टर्बिनेला पायरम, जाडजूड असतो, त्याला खाली लांब पन्हाळीसारखी चोच असते आणि तोंडाच्या आत मधल्या खांबावर तीन-चार आडव्या घड्या असतात, बोट आत घातलं की लागतात. फायसाला चोचच नाही, खालची कड गोल गुळगुळीत, शेंडा आखूड आणि शेवटचा वेढा सगळ्यात फुगीर. खूप वेळा कवच जाऊन आतला भरलेला दगडच उरतो, त्यामुळे वरची नक्षी दिसत नाही, तेव्हा आकार आणि वळणच पाहायचं. आणि एकटी गोगलगाय पाहू नका, शेजारी कोण आहे ते पाहा. आमच्या दगडात बाजूला लिम्नियाच्या बारीक गोगलगाई होत्या, त्या पण गोड्या पाण्याच्या. प्रवाळ, सागरी अर्चिन, कालवं, अमोनाइट (गोल वेटोळ्याच्या कवचाचे, आता नामशेष झालेले समुद्री जीव) असं काही सोबत असतं तर समुद्राचा विचार केला असता. राजमहेंद्रीकडं लाव्हाथरांमध्ये टरिटेला वगैरे समुद्रकाठच्या गोगलगाई मिळतात, पण ते आंध्रात, तेव्हाच्या किनाऱ्याजवळ.

आता तो रिपोर्ट. मॅडमनी वाचला आणि बाजूलाच ठेवून दिला. प्रजाती टर्बिनेला पायरम लिहिलेली, म्हणजे नवीन प्रजाती पण नाही, जिवंत शंखाचंच नाव. वर्ग सेफालोपोडा लिहिलेला, त्यात माकूळ, नॉटिलस आणि अमोनाइट येतात, गोगलगाई गॅस्ट्रोपोडामध्ये येतात. आणि वय "कार्बन डेटिंगनुसार सात कोटी वर्षे". कार्बन डेटिंग साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंतच चालतं, त्याच्या पुढं मोजायला कार्बन-14 शिल्लकच राहत नाही. कोणी तुम्हाला दगडाचं वय कार्बन डेटिंगनं कोटीत सांगितलं तर तिथंच उठून जा. निळ्या लाईटचं पण तेच, कॅल्साइटसारखे खनिज त्यात चमकू शकतात, त्यावरून वय कळत नाही आणि किंमत तर नाहीच.

प्रजातीला नाव द्यायचं सर्टिफिकेट विकणारा माणूस दिसला की समजून जा. नवीन प्रजाती ठरते ती वर्णन छापून, आधीच्या सगळ्या जवळच्या प्रजातींपेक्षा वेगळी कशी ते दाखवून, आणि ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो होलोटाइप कुठं जपून ठेवला ते सांगून. इथं नमुनाच त्याच्या पिशवीत गेला.

विकत घेणाऱ्यांनी पण सांभाळा. बाजारात दक्षिणावर्ती म्हणून जे पांढरे शंख विकतात त्यात अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा लाइटनिंग व्हेल्क असतो, तो जन्मतःच डाव्या वळणाचा, तिकडं साधा समजला जाणारा. आतमध्ये घड्या नसतात, तिथं बोट फिरवून पाहिलं की लगेच कळतं.

आपल्याकडं मांडूळ झालं, राईस पुलर (तांदूळ ओढणारं म्हणून विकतात ते भांडं) झालं, वीस नखांचं कासव झालं, आता हे नवीन. पद्धत तीच, वस्तू तुमचीच आणि पैसे पण तुम्हीच भरायचे. खरा घेणारा असेल तर तो पैसे देतो, मागत नाही.

कोणाला काही सापडलं तर फोटोत बाजूला पट्टी नाहीतर नाणं ठेवा, कुठल्या थरात किती खोल मिळालं ते लिहून ठेवा आणि जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात नाहीतर नागपूरला जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑफिसात दाखवा. दगड फोडू नका, ॲसिडनं धुऊ नका, नमुना कोणाच्या हातात सोडू नका. आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, पैसे खात्यातून पुढं सरकायच्या आत सांगितलं तर थांबवता येतात. आम्ही तक्रार केली तोवर पहिले तीन हप्ते काढून घेतलेले होते, शेवटच्या खात्यात काही रक्कम अडकवली आहे, ती परत मिळायची प्रोसेस चालू आहे.

ठाण्यात कळलं की शेजारच्या तालुक्यातून पण अशीच तक्रार आहे, तिथं त्यानं लॅबचं नाव वेगळं सांगितलं पण रिपोर्टवर कार्बन डेटिंग आणि सात कोटी तेच. तुमच्याकडं असा कागद असेल तर फाडून फेकू नका, लाज वाटून गप्प बसू नका, कागद आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात जा, खातं जुळलं की दोन्ही केस एकत्र होतील.