एबीए सुपरव्हिजनचं मासिक पॅकेज: पैसे कशाचे मोजायचे?

ऑटिझम असलेल्या मुलासोबत रोज दोन-तीन तास बसते ती थेरपिस्ट ताई. काय शिकवायचं ते ठरवणारी, शिकवणं नीट चाललंय का ते बघणारी आणि गाडी अडली की बदल सुचवणारी ती सुपरवायझर. अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस, म्हणजे एबीए या वर्तनावर आधारित शिकवण्याच्या पद्धतीच्या कामातला हा दुसरा भाग आता वेगळं मासिक पॅकेज म्हणून मिळतो, पुष्कळदा ऑनलाइन. साचा बहुतेकांचा सारखाच असतो: सुरुवातीला असेसमेंट, मग गोल्सची, म्हणजे शिकवायच्या उद्दिष्टांची यादी, महिन्यातून एक-दोन व्हिडिओ कॉल, अधेमध्ये व्हॉट्सॲपवर शंका आणि दर तीन महिन्यांनी रिपोर्ट. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका सेंटरचं नाही, या पॅकेजचं आहे.

यातला सगळ्यात देखणा भाग रिपोर्ट. रंगीत आलेख, टक्के, जाडजूड फाइल. पालक त्यावर विश्वास ठेवतात आणि तेही साहजिक आहे, कारण हातात पडणारी वस्तू तेवढीच असते. आमचं मत मात्र स्पष्ट आहे: मुलाला खरा उपयोग होतो तो सुपरवायझरने सेशन स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या तासांचा. पॅकेज घेण्याआधी ते तास विचारा आणि लेखी घ्या.

तासांबद्दल विचारलं की ‘आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ५%’ असं उत्तर येतं. हा आकडा खरा आहे, पण तो कशाचा आहे हे कुणी सांगत नाही. बीएसीबी ही अमेरिकेतली प्रमाणपत्र देणारी संस्था आहे. तिच्या आरबीटी, म्हणजे मुलासोबत थेट काम करणाऱ्या तंत्रज्ञांचं प्रमाणपत्र चालू राहावं यासाठीची ती किमान अट आहे: महिन्यातल्या कामाच्या ५% वेळ सुपरव्हिजन, किमान दोन समोरासमोरच्या भेटी आणि त्यातल्या एकीत तरी मुलासोबत काम करताना निरीक्षण. मुलाच्या कार्यक्रमाला किती देखरेख लागते हा प्रश्न वेगळा. त्यासाठी अमेरिकेतल्या ऑटिझम सेवा देणाऱ्या संस्थांच्या परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं वापरतात आणि त्यांत दर १० तास थेरपीमागे साधारण २ तास सुपरव्हिजन सांगितली आहे. ताई आठवड्याला १५ तास येत असेल तर महिन्याचे ६० तास झाले. पहिल्या हिशेबाने ३ तास, दुसऱ्या हिशेबाने १२. या १२ तासांत आलेख बघणं, कार्यक्रम लिहिणं, पालकांना शिकवणं हेही धरलेलं आहे. आपल्याकडे १२ तास फार थोड्या घरांना परवडतील. तरी १५ तासांच्या कार्यक्रमाला आठवड्यातून एक तास लाइव्ह निरीक्षण आणि महिन्यातून एक पूर्ण तास फक्त डेटावर, यापेक्षा कमी देणारं पॅकेज आम्ही घ्यायला सांगणार नाही. त्या पैशांत ताईचे दोन तास वाढवा.

लाइव्ह बघण्याने काय फरक पडतो, ते एका साध्या गोलवरून कळेल. समोर चमचा, वाटी आणि पेला. ताई म्हणते, “चमचा दे.” तीन आठवडे आलेख ६० ते ७० टक्क्यांच्या मध्ये अडकलेला आहे. फक्त ताईच्या नोंदींची शीट वाचणारी सुपरवायझर म्हणेल, मुलाला अवघड जातंय, दोनच वस्तू ठेवा. पण तीन वस्तूंमध्ये निव्वळ अंदाजाने उचललं तरी सरासरी ३३% बरोबर येतं आणि शब्द कळत असेल तर आकडा ९० च्या आसपास जायला हवा. मधेच अडकलेला आकडा बहुतेक वेळा सांगतो की मूल शब्द सोडून दुसरंच काहीतरी वाचतंय. कॅमेऱ्यावर पाच मिनिटं बघितलं की दिसतं: ताई वस्तू मांडताना जी मागायची आहे ती नकळत शेवटी ठेवते. नेहमी नाही, पण बरेचदा. मूल शेवटी ठेवलेली वस्तू उचलतंय. काही ठिकाणी ताईची नजर आधीच त्या वस्तूवर गेलेली असते आणि मूल ती नजर पकडतं. यात मूल चुकत नाहीये, उलट फार बारकाईने बघतंय.

उपाय दहा मिनिटांचा आहे. नऊ ट्रायल्सची, म्हणजे विचारायच्या नऊ खेपांची मांडणी सेशनआधीच शीटवर लिहायची: मागायची वस्तू डावीकडे तीनदा, मध्ये तीनदा, उजवीकडे तीनदा, क्रम फिरवून. तिन्ही वस्तू एका ट्रेवर मांडून ट्रे एकदम पुढे सरकवायचा. सूचना एकदाच द्यायची, नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवायची, तीन ते पाच सेकंद थांबायचं. एवढं केलं की आकडा खाली पडू शकतो. तो पडला तर घाबरू नका, आता खरा आकडा दिसतोय. असा एक बदल महिन्याभराच्या रिपोर्टपेक्षा जास्त किमतीचा आहे.

डेटाची दुसरी नेहमीची गडबड प्रॉम्प्टची, म्हणजे उत्तरासाठी ताईने केलेल्या मदतीची. ताईने हात धरून करून घेतलं, कोपराला हलका स्पर्श केला, बोट दाखवलं, की मुलाने आपणहून केलं, हे शीटवर वेगवेगळं लिहिलं गेलं पाहिजे. नुसती बरोबरची खूण असेल तर ‘१० पैकी ८’ यातले सहा बोट दाखवून आलेले असू शकतात आणि मूल ताईच्या बोटाची वाट बघायला शिकतं. चांगली सुपरवायझर पहिल्याच आठवड्यात शीट बदलायला लावते. महिन्यातून एकदा ती ताईसोबत त्याच ट्रायल्स स्वतंत्रपणे नोंदवते आणि दोघींच्या नोंदी जुळवते. २० पैकी १७ जुळल्या तर ८५%. ८० च्या खाली गेलं की त्या काळातल्या आलेखावर निर्णय घेऊ नये, आधी ‘बरोबर’ कशाला म्हणायचं ही व्याख्या दुरुस्त करावी. ही जुळवणी होते का, असा थेट प्रश्न विचारा. उत्तरादाखल तारीख आणि टक्का आला तर पॅकेज चांगलं. “आमच्या थेरपिस्ट अनुभवी आहेत” असं उत्तर आलं तर जुळवणी होत नाही असं समजा.

तसंच ‘गोल झाला’ कधी म्हणायचं, याचा नियम आधी लिहिलेला हवा. प्रॉम्प्टशिवाय ८० किंवा ९०%, लागोपाठ तीन सेशन्स, दोन वेगळ्या माणसांसोबत, हा नेहमीचा नियम आहे. अडकला तर काय, हेही लिहिलेलं हवं: तीन ते पाच सेशन्स आलेख सपाट राहिला की काहीतरी बदलायचं. महिनाअखेरच्या कॉलची वाट बघणारं पॅकेज इथे नापास होतं, कारण तोवर मुलाने तीच चूक शेकडो वेळा गिरवलेली असते.

भाषेचा मुद्दा मराठी घरांसाठी फार महत्त्वाचा आहे आणि पॅकेजच्या माहितीपत्रकात त्याला एक ओळही नसते. असेसमेंटसाठी बऱ्याच ठिकाणी व्हीबी-मॅप वापरतात. त्यात पहिल्या चार वर्षांच्या भाषिक आणि सामाजिक टप्प्यांची १७० मोजमापं आहेत. त्यातला ऐकून तसंच म्हणण्याचा भाग इंग्रजी ध्वनींवर बेतलेला आहे. त्यात ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, ‘भ’ नाही. मराठी न येणारी सुपरवायझर मूल ‘बाकरी’ म्हणतंय की ‘भाकरी’ हे कसं ठरवणार? सेशनमध्ये ‘टच नोज’ आणि घरी ‘नाकाला हात लाव’ असेल, तर कागदावर पूर्ण झालेला गोल आजीसमोर येतच नाही. सूचना घरात बोलतात त्याच भाषेत हव्यात, चित्रं इग्लूची नकोत, पोळपाट, कुकर, चप्पल यांची हवीत. सुपरवायझर अमराठी असली तरी चालेल, पण मग शब्दांची यादी घरच्यांसोबत बसून करणं तिच्या कामात धरलेलं असावं.

मागणं शिकवताना तर घरच्यांना सोबत घेतल्याशिवाय काहीच होत नाही. पाण्याचा पेला मुलाच्या नजरेवरून आजी आधीच पुढे करते. त्यात माया आहे, पण ‘पाणी’ म्हणायची गरज राहत नाही. सुपरवायझरने आजीला सेशनमध्ये बसवून पेला दाखवणं, दोन सेकंद थांबणं, मुलाने ‘पा’ म्हटलं, खूण केली किंवा चित्र दिलं तरी लगेच पाणी देणं, हे करून दाखवायला हवं. मुलाला तहानलेलं ठेवायचं नाही; घोट छोटे करायचे, म्हणजे मागायच्या संधी वाढतात.

मूल डोकं आपटतं, चावतं, अशा वर्तनासाठी तयार उपाय व्हॉट्सॲपवर पाठवणारी सेवा धोकादायक आहे. आधी डॉक्टरांकडून कानदुखी, दात, बद्धकोष्ठता तपासून घ्यायची, मग वर्तनाच्या आधी काय झालं आणि नंतर काय मिळालं याच्या नोंदी, मग कारण: लक्ष हवंय, काम टाळायचंय, वस्तू हवीय, की त्या कृतीतूनच काही मिळतंय. “दुर्लक्ष करा” हा सल्ला काम टाळणाऱ्या मुलाला लागूच पडत नाही. शिवाय एखादं वर्तन आधी ज्यासाठी व्हायचं ते मिळेनासं झालं, की सुरुवातीला ते वाढू शकतं. हे पालकांना आधी सांगितलं नाही तर ते तिसऱ्या दिवशी हार मानतात आणि वाढलेलं वर्तन पक्कं होतं. त्याच वेळी ‘ब्रेक हवा’ हे सांगायला शिकवलं नसेल तर आराखडा अर्धाच आहे.

गोल्सची यादी सही करण्याआधी वाचा. ‘आय काँटॅक्ट ५ सेकंद’ किंवा ‘हात हलवणं बंद’ असे गोल्स दिसले तर का, असं विचारा. कुणाला इजा होत नसेल तर हात हलवणं थांबवायचं कारण नाही. मूल उठून गेलं, तोंड फिरवलं, तर ताईने काय करायचं हे आराखड्यात असावं, आणि ते मुलाला धरून बसवणं नसावं.

ऑनलाइन सुपरव्हिजन चांगली चालते, पण मांडणी नीट हवी. फोन स्टँडवर, बाजूने तिरका, मुलाच्या छातीच्या उंचीवर. टेबल, मुलाचे दोन्ही हात आणि ताईचा चेहरा एका चौकटीत. ताईच्या एका कानात ब्लूटूथ, म्हणजे सूचना मुलाला ऐकू जात नाहीत. पंख्याखाली फोन ठेवला तर आवाज निकामी होतो. रेकॉर्डिंग कुठे साठतं, कधी पुसतात, हे लेखी घ्या. टॉयलेट ट्रेनिंग कॅमेऱ्यावर नको.

पदव्यांबद्दल थोडक्यात. बीएसीबीने २०२३ पासून आपली प्रमाणपत्रं मोजक्या देशांपुरती ठेवली, त्यामुळे भारतातून बीसीबीए या सुपरवायझर पातळीच्या प्रमाणपत्रासाठी नवे अर्ज घेतले जात नाहीत. जुन्यांची वैध आहेत आणि नाव संस्थेच्या वेबसाइटवर तपासता येतं. भारतीय पुनर्वास परिषदेच्या (आरसीआय) नोंदणीत बिहेवियर ॲनालिस्ट हा वेगळा वर्ग नाही, तेव्हा ‘आरसीआय मान्य एबीए’ असं कुणी म्हटलं तर नोंदणी नेमकी कोणत्या पदाची ते विचारा. बहुतेकदा ती स्पेशल एज्युकेटरची किंवा सायकॉलॉजिस्टची निघते. त्यात गैर काही नाही, फक्त तसं सांगायला हवं.

आणि करार करतानाच ठरवा की सेवा बंद केली तर मूळ डेटा शीट्स, आलेख, चालू गोल्सची प्रॉम्प्ट-पातळी आणि वर्तनाचा आराखडा पंधरा दिवसांत तुमच्या हातात येईल. नुसता सारांश-रिपोर्ट मिळाला तर नवी सुपरवायझर पुन्हा असेसमेंटपासून सुरू करते, आणि त्याचे पैसे पुन्हा तुम्हीच भरता.