नाशिकला एकच दिवस आहे: जुन्या गावात फिरायचं की गंगापूर रोडला जायचं?

दोन्ही एका दिवसात करायला गेलात तर निम्मा वेळ सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) आणि अशोक स्तंभ चौकाच्या ट्रॅफिकमधेच जातो, म्हणून आधी एक ठरवा. माझं मत सरळ आहे, चालायची तयारी असेल तर जुनं नाशिक. सोबत गुडघेदुखीवाले आईवडील किंवा झोपाळू लहान पोरं असतील तर गंगापूर रोड, तिथं गाडी दारात लागते तरी.

जुन्या गावात गाडी आणूच नका, कुठेतरी बाहेर लावा आणि सकाळी लवकर गोदाघाटावर या. रामकुंड सगळेच बघतात, पण तिथंच दुतोंड्या मारुती उभा आहे तो नीट बघा, पावसाळ्यात पूर किती आला हे नाशिककर आकड्यात नाही सांगत, पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की गळ्याला आलं असं सांगतात. शेजारी नारोशंकराचं देऊळ, वरची घंटा वसईच्या लढाईतून आलेली. काळाराम मंदिर चालत जवळच आहे, आणि तिथं फक्त दर्शन घेऊन निघू नका, १९३० साली बाबासाहेब आंबेडकरांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह केला तो याच दारासमोर. मग पूल ओलांडून सराफ बाजार, भांडी बाजार, मेन रोड. तांब्या-पितळेची भांडी घ्यायची तर इथंच, भाव करावा लागतो आणि लाजायचं नाही. खाणं म्हणाल तर मेन रोडला सायंताराचा साबुदाणा वडा, नंतर गरम जिलबी, उभ्यानं. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो, भाजी बघायला मजा पण चालायला जागा नाही हं. आणि रंगपंचमीला आलात तर राहाडी, पेशवेकाळातले रंगाचे हौद, एरवी रस्त्याखाली बुजवलेले असतात आणि त्या दिवशी उघडतात, लोक त्यात धप्पकन उड्या मारतात!

गंगापूर रोडचं आकर्षण म्हणजे मिसळ आणि वाईन, खरं सांगायचं तर वाईन जास्त. सुला ही वायनरी १९९९ साली सुरू झाली, आता वीकेंडला मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, त्यामुळे जायचंच तर मधल्या वारी जा आणि जानेवारी ते मार्चमधे जा, तेव्हा द्राक्षं काढायला आलेली असतात, पावसाळ्यात मळ्यात नुसती पानं. ड्रायव्हर कोण हे आधीच ठरवा. सकाळची चुलीवरची मिसळ मात्र याच बाजूला मस्त, शेतात बसायचं, पापड-दही सोबत, रस्सा परत मागितला तर कोणी तोंड वाकडं करत नाही. पण रविवारी दहा वाजता गेलात तर टोकन घेऊन बसा. कुसुमाग्रज स्मारकही याच रोडला आहे, संध्याकाळी काहीतरी कार्यक्रम असतो बऱ्याचदा, बोर्ड बघून घ्या. बाकी कॉलेज रोडचे कॅफे वगैरे कुठल्याही शहरात मिळतात, त्यासाठी नाशिकला यायची गरज नाही.

आता खरेदी. पैठणी घ्यायची असेल तर दोन्हीकडे शोरूम आहेत, पण विणताना बघायची असेल तर येवल्याचा वेगळा दिवस काढा, ते ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. चिवडा मात्र कुठूनही घ्या, फक्त परतीच्या गाडीत पाकीट फोडू नका, घरी पोचेपर्यंत उरत नाही.