डाऊन क्विल्ट घेताना आधी मॅट बघा

स्लीपिंग बॅगमध्ये पाठीखाली दबलेली पिसं जवळपास काहीच ऊब देत नाहीत. ऊब धरून ठेवते ती पिसांत अडकलेली हवा, आणि अंगाच्या वजनाखाली ती हवा निघून जाते. मग ते ओझं वाहायचं कशाला? डाऊन क्विल्ट म्हणजे पिसं भरलेलं, पाठीकडून उघडं पांघरूण. त्यात हा पाठीखालचा भाग, पूर्ण लांबीची झिप आणि हूड, तिन्ही काढून टाकलेले असतात. 1990 च्या दशकात अमेरिकन गिर्यारोहक आणि ट्रेकर रे जार्डिन यांनी कमी वजनाच्या ट्रेकिंगसोबत क्विल्टचाही जोरदार पुरस्कार केला, मात्र त्यांची क्विल्ट सिंथेटिक भरणाची आणि स्वतः शिवायची असे. आज पिसांच्या क्विल्टमध्ये एनलाइटन्ड इक्विपमेंटची ‘रेव्हेलेशन’ आणि कटाबॅटिक गिअरच्या ‘फ्लेक्स’ व ‘पॅलिसेड’ ही नावं सतत कानावर येतात. इथे मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

आधी वजनाचा हिशेब. वेस्टर्न माउंटेनियरिंगची ‘अल्ट्रालाइट’ ही उणे 7 अंशांपर्यंतच्या थंडीसाठीची उत्तम बॅग सुमारे 820 ग्रॅम भरते. तोच आकडा लिहिलेली नेहमीच्या मापाची रेव्हेलेशन 600 ते 650 ग्रॅमच्या आसपास असते. फरक छान दिसतो, पण क्विल्टला हूड नाही. थंडीत डोक्याला जाड कानटोपी किंवा पिसांचं सुटं हूड लागतंच आणि त्याचे 50 ते 100 ग्रॅम याच खात्यात धरले पाहिजेत. अंगाखालच्या मॅटला क्विल्ट बांधायच्या पट्ट्यांचे थोडे ग्रॅम वेगळे. म्हणजे हातात उरते ती शंभर-सव्वाशे ग्रॅमची बचत. निव्वळ तेवढ्यासाठी चांगली बॅग मोडीत काढू नये. क्विल्ट घ्यावी ती कुशीवर झोपणाऱ्यांनी, पाय आखडून झोपणाऱ्यांनी आणि ज्यांना अर्ध्या रात्री उकडायला लागतं अशांनी. रेव्हेलेशन आणि फ्लेक्स पायाकडून पूर्ण उघडून चादरीसारख्या पांघरता येतात. 12 अंशांची रात्र असो की शून्याची, एकच वस्तू दोन्हीकडे चालते.

तापमानाच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बॅगांसाठी आयएसओ 23537 ही चाचणी आहे आणि तिच्यात ‘कम्फर्ट’ (आरामात झोप लागेल ते तापमान) व ‘लिमिट’ (जेमतेम निभावेल ते तापमान) असे दोन आकडे वेगळे मिळतात. ती चाचणी अंगाभोवती पूर्ण बंद होणाऱ्या बॅगांसाठी आखलेली आहे. क्विल्टवरचा आकडा बहुतेक वेळा उत्पादकाने स्वतः ठरवलेला असतो आणि तो लिमिटच्या जवळचा समजावा. थंडी लवकर वाजत असेल, तर अपेक्षित तापमानापेक्षा 5 ते 6 अंश जास्त थंडीची क्विल्ट घ्या.

आता मॅट. क्विल्टवर समाधान नसलेल्यांची अर्धी तक्रार खरं तर मॅटची असते. क्विल्टमध्ये पाठीला जमिनीपासून वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मॅट. रात्री पारा शून्याजवळ जाणार असेल तर आर-व्हॅल्यू, म्हणजे मॅट उष्णता किती अडवते त्याचा आकडा, 4 किंवा त्याहून जास्त हवी. थर्म-अ-रेस्टच्या ‘निओएअर एक्सलाइट एनएक्सटी’ची 4.5 आहे आणि घडीच्या फोमच्या ‘झेड लाइट सोल’ची 2. एकावर एक ठेवल्या की आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, म्हणजे या दोन्ही मिळून 6.5. नुसत्या फोमच्या मॅटवर उणे 7 ची क्विल्ट घेऊन गारठणाऱ्याला जास्त पिसं भरलेली क्विल्टही वाचवत नाही, कारण उष्णता खालून जात असते. रुंदीही बघा. 51 सेंटिमीटरच्या मॅटवरून कोपर खाली घसरतं आणि क्विल्टची कड उचलली जाते. 63 ते 64 सेंटिमीटरची मॅट थोडी जड असली तरी क्विल्टसाठी तीच सोयीची.

क्विल्टच्या रुंदीतही काटकसर करू नये. 137 सेंटिमीटरचं नेहमीचं माप सडपातळ आणि पाठीवर झोपणाऱ्यांना पुरतं. कुशीवर झोपत असाल किंवा खांदे रुंद असतील, तर 147 चं माप घ्या. वाढणारं वजन थोडकं असतं. घरीच बघून घ्या: मॅटवर कुशीवर झोपा, गुडघे दुमडा आणि दोन्ही कडा अंगाखाली चार बोटं तरी जातात का ते तपासा. उंची लांबीच्या मर्यादेला टेकत असेल तर पुढचं माप. मान झाकायला थोडी लांबी खर्ची पडते.

बांधण्याची पद्धत चुकली की गार वारा शिरतो. मुक्कामी पोचताच क्विल्ट पिशवीतून काढून झटका आणि पिसं फुलायला 15-20 मिनिटं द्या. पायाची झिप लावून टोकाची दोरी ओढा. दोरीने बंद होणाऱ्या फुटबॉक्सच्या, म्हणजे पायाकडच्या पिशवीसारख्या भागाच्या, टोकाला बारीक भोक उरतं आणि गारठा नेमका तिथून बोटांना लागतो. आतून एखादा सुका मोजा खोचला की काम होतं. पॅलिसेडचा फुटबॉक्स शिवून बंद केलेला आहे, त्यामुळे ती भानगड नाही, पण ती पूर्ण उघडतही नाही. मग एक पट्टी कोपरांच्या रेषेत आणि दुसरी कमरेच्या खाली, मॅटला वळसा घालून. उकाड्यात क्विल्ट मॅटच्या कडेला अडकवा. थंडीत कडा आत, अंग आणि मॅट यांच्या मध्ये घ्या. पट्टी फार ताणली तर हवेची मॅट मधोमध वाकते आणि पिसं दबतात. सैल सोडली तर कूस बदलताच कड वर येते. कटाबॅटिकमध्ये मॅटभोवती बारीक दोरी आणि क्विल्टवर छोट्या क्लिप असतात. अंधारात चाचपडत लावायला त्या किचकट वाटतात, पण एकदा बसल्या की कड जागची हलत नाही. वारा अडवण्यात आम्ही कटाबॅटिकला वरचे गुण देऊ.

बॅगेची सवय असलेले लोक कूस बदलताना क्विल्ट सोबत ओढतात. क्विल्ट जागेवर राहिली पाहिजे, वळायचं ते तिच्या आत. मानेची दोरी आवळून बटण लावायचं, पण तोंड बाहेरच ठेवायचं. श्वासातली वाफ पिसांत शिरली की फुगवटा बसतो.

850 आणि 950 फिल पॉवरमध्ये किती अडकायचं? हा आकडा म्हणजे एक औंस पिसं किती घन इंच जागा व्यापतात. 850 ची 400 ग्रॅम पिसं जेवढी फुगतात, तेवढ्याला 950 ची साधारण 358 ग्रॅम लागतात. 42 ग्रॅमसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे मॅटवर घाला. पातळ 10 डेनियरच्या (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) कापडाला मात्र जपलं पाहिजे, खडबडीत दगडावर ते पसरू नका.

सलग काही रात्री कडाक्याच्या थंडीत काढायच्या असतील तर अंगाची वाफ बाहेरच्या थरात गोठते किंवा साचते आणि क्विल्ट रोज थोडी चपटी होत जाते. दुपारी ऊन असेल तेव्हा अर्धा तास आतली बाजू वर करून वाळवा. उणे 10 च्या खाली मात्र बॅगच बरी.

धुण्यासाठी पिसांचा खास साबण, समोरून उघडणारं मशीन, आणि मग कमी उष्णतेच्या ड्रायरमध्ये दोन-तीन टेनिस बॉल टाकून कित्येक तास. बोटांनी चिमटून बघा. कुठल्याही कप्प्यात गुठळी लागली तर आत ओल आहे, पुन्हा ड्रायरला लावा. एरवी क्विल्ट मोठ्या सैल पिशवीत ठेवा, दाबून नाही.