कृत्तिका घ्यायची की अहुर मझ्द? सुबारू आणि माझदा शेजारी शेजारी ठेवून

भाची अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला राहायला गेली त्याला आठ महिने झाले. परवा फोनवर म्हणाली, "मामा, गाडी दोनांवर आणून ठेवलीय. सुबारू फॉरेस्टर, नाहीतर माझदा सीएक्स-5. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, माझदा म्हणजे शाळेची बस ना?"

तिच्या बाबांचे काही चुकले नाही. 1980 च्या दशकात पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो यांनी मिळून स्वराज माझदा ही कंपनी काढली आणि पुढे कितीतरी वर्षे आपल्याकडच्या रस्त्यांवर त्या नावाच्या मिनीबस आणि छोटे ट्रक धावत राहिले. सुबारू हे नाव मात्र पुण्या-नाशकात कोणाच्या घरात सहसा ऐकलेले नसते. आज भारतात या दोन्ही कंपन्यांच्या मोटारी विकल्या जात नाहीत. त्यामुळे अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाची पहिली धाव होंडा-टोयोटाकडे जाते, कारण घरच्यांना ती नावे ठाऊक असतात. मी शिकागोजवळ राहतो. आधी नऊ वर्षे माझदा 3 चालवली, गेली सहा वर्षे दारात फॉरेस्टर आहे. दोन्हींवर माझा जीव आहे, आणि ही निवड नुसते आकडे बघून करू नये असे मला मनापासून वाटते.

आधी नावे. दोन्ही आपल्याला वाटतात त्यापेक्षा जवळची आहेत. सुबारू हा कृत्तिकांच्या पुंजक्यासाठीचा जुना जपानी शब्द. बिल्ल्यावर एक मोठा तारा आणि पाच छोटे असे सहा तारे आहेत, कारण पाच कंपन्या एकत्र येऊन फुजी हेवी इंडस्ट्रीज, म्हणजेच आजची सुबारू, झाली. आपणही कृत्तिका सहाच मोजतो. कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या त्या सहा माता. माझदाचे नाव एकीकडे संस्थापक जुजिरो मात्सुदा यांच्या आडनावावरून आले आणि दुसरीकडे अहुर मझ्द या झरथुष्ट्री देवतेवरून, म्हणजे मुंबईतल्या अग्यारीत ज्याची प्रार्थना होते त्याच्यावरून.

हिरोशिमाची जिद्द

माझदाची सुरुवात 1920 मध्ये हिरोशिमात बुचाचा माल बनवणारा कारखाना म्हणून झाली. 1931 मध्ये तीनचाकी मालवाहू गाडी आली. 6 ऑगस्ट 1945 ला अणुबाँब पडला तेव्हा शहर आणि कारखाना यांच्यामध्ये हिजियामा नावाची टेकडी होती. तिच्या आडोशाने इमारती बऱ्याच अंशी वाचल्या, आणि त्या प्रांताचे सरकारी कामकाज काही काळ त्याच कारखान्यातून चालले. त्या वर्षाच्या डिसेंबरात तीनचाकी गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. हिरोशिमाच्या लोकांना माझदा आपल्या घरची का वाटते, ते एवढ्यावरून समजते. 1973 च्या तेलसंकटानंतर कंपनी बुडायच्या बेतात होती तेव्हा त्या शहराने तिच्या गाड्या विकत घेतल्या, आणि कारखान्यातल्या माणसांनी शोरूममध्ये उभे राहून त्या विकल्या.

ते संकट माझदाला इतके भोवले याचे कारण तिचे लाडके रोटरी इंजिन. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतात. रोटरीत एक फुगीर त्रिकोण गोल फिरतो. भाग कमी, आकार लहान, फिरणे लोण्यासारखे मऊ. जर्मनीच्या एनएसयू या मोटार कंपनीकडून 1961 मध्ये परवाना घेतला, पण त्रिकोणाच्या टोकाच्या पट्ट्या आतल्या भिंतीवर ओरखडे काढत. कामगार त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांचे 47 जणांचे पथक वर्षानुवर्षे त्यांच्याशी झगडले, आणि 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही मोटार रस्त्यावर आली. इतरांनी हा नाद सोडून दिला, माझदाने नाही. 23 जून 1991 ला चार रोटरांच्या, म्हणजे असे चार त्रिकोण असलेल्या, 787बी या गाडीने फ्रान्समधली ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकली. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय.

या इंजिनाची तहान मात्र मोठी: पेट्रोलचीही आणि तेलाचीही. 2012 मध्ये रोटरीवर चालणारी आरएक्स-8 बंद झाली. भाचीला जी गाडी घ्यायची आहे तिच्यात साधे चार सिलिंडरचे इंजिन आहे. तरी ही हकीकत सांगायचे कारण असे की चालवणाऱ्याच्या हाताला काय वाटेल याचा तो जुना ध्यास आजही त्यांच्या साध्या कौटुंबिक गाडीत उतरलेला आहे. माझदाचे लोक त्याला 'जिन्बा इत्ताई' म्हणतात, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. 1989 मध्ये शिकागोच्याच प्रदर्शनात पहिल्यांदा दिसलेली एमएक्स-5 ही दोन आसनांची छोटी उघडी गाडी त्याच विचाराची. दोन आसनांची इतकी खपलेली स्पोर्ट्स कार जगात दुसरी नाही.

विमानांच्या कारखान्यातून आलेली

सुबारूचे मूळ विमानात आहे. चिकुहेई नाकाजिमा यांनी 1917 मध्ये गुन्मा प्रांतात विमाने बांधायला घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर ते काम बंद झाले, कंपनीचे तुकडे झाले, आणि उरलेल्या सामानातून 1946 मध्ये रॅबिट नावाची स्कूटर निघाली. तिला सुरुवातीला बाँबफेकी विमानाच्या शेपटीकडची चाके बसवली होती. 1958 मध्ये इवलीशी सुबारू 360 आली, आणि 1966 मध्ये सुबारू 1000, जिच्यात बॉक्सर इंजिन होते. यात सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंना आडवे असतात, आणि समोरासमोरचे पिस्टन दोन मुष्टियोद्ध्यांसारखे ठोसे मारतात. इंजिनाचे वजन जमिनीलगत राहते.

चारही चाकांना ताकद देण्याची गोष्ट मला यात सगळ्यात आवडते. तोहोकू भागातल्या वीज कंपनीला हिवाळ्यात डोंगरातल्या तारांपर्यंत पोहोचणारी, पण जीपपेक्षा आरामशीर गाडी हवी होती. मियागीतल्या सुबारू विक्रेत्याने एक छोटी गाडी तशी करून दाखवली, कंपनीने ते काम हाती घेतले, आणि 1972 मध्ये लिओने एस्टेट व्हॅन आली. बर्फात अडकणाऱ्या वायरमनसाठी बनलेली गाडी पुढे कोलोरॅडो नि व्हरमाँटमध्ये शिक्षक, नर्स, डोंगर चढणारे अशा लोकांची झाली. 1990 च्या दशकात कंपनीने अमेरिकेत आपली गाडी कोण घेते याचा नीट शोध घेतला, तेव्हा त्यात समलिंगी स्त्रिया बऱ्याच निघाल्या. इतर कंपन्या कचरत होत्या त्या काळात सुबारूने त्यांच्यासाठी उघडपणे जाहिराती केल्या, टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवाला घेतले. रॅलीच्या मैदानातही 1995 ला कॉलिन मॅक्रे, 2001 ला रिचर्ड बर्न्स आणि 2003 ला पेटर सोल्बर्ग सुबारूतून जगज्जेते झाले, पण अमेरिकेतला तिच्यावरचा विश्वास बर्फातल्या रोजच्या जाण्यायेण्यातून आलेला आहे.

आता गाड्यांकडे

2025 च्या फॉरेस्टरचे 2.5 लिटरचे इंजिन 180 हॉर्सपॉवर देते, सीएक्स-5 चे तितकेच मोठे इंजिन 187. कागदावर फरक नाही, पण चालवताना जमीन-अस्मानाचा आहे. सुबारूत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअर, आहे: गिअर बदलल्याचे कळतच नाही. शहरात ते सुखाचे, पण हायवेला घुसताना पाय दाबला की आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. माझदात सहा गिअरचा नेहमीचा ऑटोमॅटिक आहे, पाय आणि चाक यांच्यात थेट बोलणे असल्यासारखा. वळणावर स्टिअरिंगला योग्य तेवढे वजन येते. माझी माझदा गेली तेव्हा मला पहिले काही महिने तिचे स्टिअरिंगच आठवत होते.

डेन्व्हरसाठी एक गोष्ट शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले इंजिन उंचीच्या दर हजार फुटांमागे साधारण 3 टक्के ताकद गमावते. डेन्व्हर 5,280 फुटांवर, आणि स्कीइंगला जाताना लागणारा आयझेनहावर बोगदा 11,000 फुटांच्या वर. म्हणजे तिथल्या चढावर दोन्ही गाड्या जवळपास एक तृतीयांश ताकद घरी ठेवून आल्यासारख्या चालतात. सुबारूची सीव्हीटी अशा वेळी फार ओरडते. 2025 पर्यंतच्या सीएक्स-5 मध्ये टर्बो इंजिन मिळायचे, साध्या पेट्रोलवर 227 हॉर्सपॉवर, आणि टर्बोला विरळ हवेचा त्रास बराच कमी. फॉरेस्टरमध्ये अमेरिकेत 2018 नंतर टर्बो नाही. दर शनिवारी डोंगर चढणार असेल तर हा मुद्दा मी अगदी वरच्या क्रमांकावर ठेवीन.

बर्फाचे काय? चारही चाकांची ताकद दोन्हीत आहे. फॉरेस्टरमध्ये ती पहिल्यापासून, सीएक्स-5 मध्ये अमेरिकेत 2022 च्या मॉडेलपासून सगळ्या प्रकारांत. पण फॉरेस्टर जमिनीपासून 8.7 इंच वर आहे, आणि नांगराने रस्त्याकडेला लोटलेल्या बर्फाच्या वरंब्यातून बाहेर पडताना ती उंची कामी येते. जानेवारीतल्या एका पहाटे आमच्या गल्लीतून निघालेली पहिली गाडी आमची होती, त्या दिवसाचे समाधान मी विसरलेलो नाही. एक मात्र पक्के ध्यानात ठेवावे: चार चाकांची ताकद गाडी हलवायला मदत करते, थांबवायला नाही. थांबवतात टायर. कोलोरॅडोत आय-70 या हायवेच्या डोंगराळ पट्ट्यात सप्टेंबर ते मे टायरची नक्षी किमान 3/16 इंच खोल असावी असा नियमच आहे. आणि सुबारूचे चारही टायर जवळपास सारखे झिजलेले लागतात. एक फाटला आणि बाकीचे अर्धे झिजलेले असले, तर बहुतेक वेळा चारही बदलावे लागतात. हा खर्च आधीच मनात धरावा.

आत बसल्यावर मन पुन्हा माझदाकडे ओढ घेते. आसन, शिवण, दाराचा आवाज, सगळे तिच्या किमतीच्या वरचे. जुन्या सीएक्स-5 मध्ये दोन आसनांच्या मधे फिरवायचे गोल बटण आहे, रस्त्यावरची नजर न काढता त्यावर सगळे करता येते. 2026 च्या नव्या सीएक्स-5 मधून ते काढून मोठा पडदा बसवला आहे, याचे मला खरोखर वाईट वाटते. सुबारूचा उभा पडदा पहिल्यापासूनच बोटांनी शोधाशोध करायला लावणारा.

पण आई-बाबा सहा महिन्यांसाठी यायचे असतील तर? फॉरेस्टरचे दार रुंद उघडते, आसनाची उंची अशी की गुडघे दुखणाऱ्या माणसाला ना खाली बसावे लागते ना वर चढावे लागते. काचा मोठ्या, त्यामुळे मागे बसलेल्याला कोंडल्यासारखे वाटत नाही. माझी आई माझदात मागे बसली की दर वेळी डोके सांभाळायची. फॉरेस्टरमध्ये ती तांदळाची पोती कुठे ठेवायची ते सांगत बसते. इंडियन ग्रोसरीच्या महिन्याच्या फेरीला ही गाडी फार गुणी आहे.

पेट्रोलचा फरक किरकोळ. हायब्रिड हवी असेल तर फॉरेस्टर हायब्रिड गॅलनला सुमारे 35 मैल देते आणि माझदाच्या बाजूने सीएक्स-50 हायब्रिड सुमारे 38. गंमत म्हणजे दोन्हींच्या हायब्रिडमागे टोयोटाचे तंत्रज्ञान आहे. टोयोटाचा सुबारूत 20 टक्के वाटा आहे आणि माझदात साधारण 5.

जुनी गाडी बघणाऱ्यांसाठी वेगळे बोलायला हवे. 2010 च्या आधीच्या 2.5 लिटरच्या सुबारूंमध्ये हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधली सांधा बंद ठेवणारी पट्टी) गळण्याची तक्रार सर्वश्रुत आहे, आणि 2011 ते 2014 च्या काही मॉडेलांत इंजिन तेल पिण्याची. अशी गाडी बदललेल्या गॅस्केटच्या पावतीशिवाय घेऊ नका. बॉक्सर इंजिनाचे स्पार्क प्लग दोन्ही कडांना दडलेले, त्यामुळे मजुरीही जास्त. नव्या सुबारूची समोरची काच बदलताना आयसाइट या सुरक्षा यंत्रणेचे, काचेमागचे कॅमेरे पुन्हा जुळवावे लागतात, तेही विचारून घ्या. जुन्या माझदांत गंज बघा, विशेषतः मागच्या चाकांच्या वरच्या पत्र्यावर. हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकतात अशा रस्त्यांवर वाढलेली गाडी असेल तर खाली वाकून, टॉर्च मारून. माझी स्वतःची पहिली गाडी मी एका विक्रेत्याच्या शब्दावर, खाली न वाकता घेतली होती आणि दोन हिवाळ्यांत तिचा पत्रा हातात आला. तेव्हापासून टॉर्च खिशात.

माझे मत विचाराल तर एकटा किंवा दोघेच असाल, रोजचे चालवणे मनापासून आवडत असेल, तर माझदा घ्या, आणि डोंगराजवळ राहत असाल तर टर्बोच घ्या. घरात म्हातारी माणसे येणार, कुत्रा आहे, बर्फात सकाळी सहाला निघावे लागते, तर फॉरेस्टर. मला आज पुन्हा एकट्यासाठी घ्यायची झाली तर मी माझदाच घेईन. भाचीचे आई-बाबा मे महिन्यात सहा महिन्यांसाठी येत आहेत, म्हणून तिच्यासाठी माझा कौल सुबारूकडे झुकतो. पण ती एकटी असताना जास्त चालवणार, हेही खरे.

शनिवारी ती दोन्ही चालवून बघणार आहे. मी तिला सांगितले आहे की एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालव. विक्रेता दुकानाभोवती फिरवून आणेल, तेवढ्यावर मान डोलावू नकोस. आय-70 वर पश्चिमेला चढ लागेपर्यंत ने, पाय पूर्ण दाब, आणि त्या वेळी गाडीत शेजारच्याशी बोलता येते का ते बघ. मग परत येऊन मागच्या आसनावर पाच मिनिटे बस, बाबा बसतात तसे, पाय थोडे पसरून.