राजदूतपदाच्या दारात अडवलेल्या स्त्रिया

ब्रिटिश इतिहासकार हेलन मॅकार्थी यांचे ‘विमेन ऑफ द वर्ल्ड’ (2014) हे इंग्रजी पुस्तक परराष्ट्रसेवेचा इतिहास करार आणि परिषदांतून नव्हे, तर त्या सेवेत कोणाला प्रवेश मिळाला आणि कोणाला नाकारला गेला, या प्रश्नातून मांडते. ब्रिटनने ही सेवा स्त्रियांसाठी 1946 मध्ये खुली केली, पण विवाह होताच राजीनामा देण्याची अट 1970च्या दशकापर्यंत कायम राहिली आणि पहिली महिला राजदूत, ॲन वॉरबर्टन, 1976 मध्ये डेन्मार्कला गेली.

सर्वांत सरस भाग स्त्रियांना या सेवेत घ्यावे का, याबाबत 1930च्या दशकात झालेल्या सरकारी चौकशीचा आहे. परक्या देशांत स्त्रीला मान मिळणार नाही, तिच्या पतीने दूतावासात करायचे काय, असे आक्षेप तेव्हा गंभीरपणे घेतले गेले. राजदूतांच्या पत्नी मात्र तेच आतिथ्य आणि शिष्टाचार बिनपगारी सांभाळत होत्या, हा विरोधाभास लेखिका शांतपणे उलगडते. (भारतीय वाचकाला येथे आपल्या परराष्ट्रसेवेतील अधिकारी सी. बी. मुथम्मा आठवतील; त्यांच्या याचिकेवर निकाल देताना, स्त्री अधिकाऱ्यांना विवाहासाठी सरकारची परवानगी घ्यायला लावणाऱ्या आपल्याकडील नियमावर सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये कडक ताशेरे ओढले.)

दप्तरखान्यातील कागद व्यक्तींच्या कथांतून बोलते केल्यामुळे इतिहासाचे शिक्षण नसलेल्यालाही पुस्तक सहज वाचता येते. मात्र अलीकडच्या दशकांना मिळालेली जागा अपुरी वाटते, आणि ब्रिटनबाहेरच्या स्त्रियांची बाजू जाणून घ्यायची असल्यास वाचकाला दुसरीकडे वळावे लागते.